अंगणातले नेतृत्व : बालशिक्षिकेचा निर्णयाधिकार आणि त्याची जडणघडण

शिक्षणातील नेतृत्वाचा विषय निघाला की चर्चा मुख्याध्यापक, संस्थाचालक आणि शिक्षणाधिकारी यांच्यापाशीच थांबते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्या शिक्षिकेचा उल्लेख तीत क्वचितच येतो. वास्तविक याच वयोगटाच्या शिक्षणात शिक्षिकेला जितके निर्णय एकटीने घ्यावे लागतात, तितके पुढच्या कोणत्याही इयत्तेच्या शिक्षकाला घ्यावे लागत नाहीत. भारतात आज सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, महाराष्ट्रात त्यांची संख्या सुमारे १ लाख १० हजार आहे, आणि बहुतेक केंद्रांचा कारभार एक सेविका व एक मदतनीस अशा दोघींवर चालतो. तेथे मुख्याध्यापक नसतो, इयत्तावार पाठ्यपुस्तक नसते आणि परीक्षाही नसते. आज गोष्ट सांगायची की मातीकाम घ्यायचे, नव्याने आलेल्या आणि रडणाऱ्या मुलाच्या आईला किती दिवस शेजारी बसू द्यायचे, वजन न वाढलेल्या मुलीच्या घरी कोणत्या शब्दांत बोलायचे, हे सेविकेला जागच्या जागी ठरवावे लागते. या निर्णयांचा दर्जा हाच त्या केंद्राचा दर्जा असतो, आणि म्हणून बालशिक्षिकांमधील नेतृत्वाचा विकास हा प्रशिक्षणाच्या वेळापत्रकातला एखादा जादा तास न मानता बालशिक्षणाच्या गाभ्याचा प्रश्न मानावा लागतो.

या नेतृत्वाचे तीन पदर वेगळे करून पाहता येतात. पहिला पदर शैक्षणिक नेतृत्वाचा आहे. मुलांचे बारकाईने निरीक्षण करणे, त्यावरून पुढची कृती ठरवणे, त्या कृतीमागचे कारण स्पष्टपणे सांगता येणे आणि सहकाऱ्यांना त्या विचारात सामील करून घेणे, एवढ्या गोष्टी त्यात येतात. दुसरा पदर व्यवस्थापनाचा आहे, ज्यात आहार, साहित्य, वेळ आणि नोंदी यांची सांगड घालावी लागते. तिसरा पदर सामाजिक आहे, कारण पालक, ग्रामपंचायत, आशा कार्यकर्ती, आरोग्यसेविका आणि जवळची प्राथमिक शाळा यांच्याशी संबंध जोडल्याखेरीज लहान मुलाचे हित साधत नाही. हे तिन्ही पदर एकाच व्यक्तीच्या अंगावर येऊ नयेत, तर जिच्याकडे जे ज्ञान आहे तिने त्यापुरता पुढाकार घ्यावा आणि इतरांनी तो मान्य करावा, या कल्पनेला अभ्यासक वितरित नेतृत्व म्हणतात. अंगणवाडीत याचा अर्थ असा होतो की, मुलांची घरची बोली आणि पाड्यावरची नाती मदतनिसाला अधिक ठाऊक असतील, तर त्या बाबतीत सेविकेनेही तिचा सल्ला घ्यावा.

बोर्डी आणि कोसबाडचा धडा

या विषयाचे मोठे उदाहरण महाराष्ट्राला दूर शोधावे लागत नाही. ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर मॉन्टेसरी पद्धतीवर आधारलेल्या बालमंदिराचे काम केले, आणि १९२६ मध्ये तेथे नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. या दोघांच्या कामाचे एक वैशिष्ट्य असे की, मुलांसाठी बालमंदिर चालवण्याबरोबर शिक्षिका घडवणारे अध्यापन मंदिर आणि शिक्षिकांनी आपले अनुभव लिहावेत, वाचावेत, त्यांवर वाद घालावा यासाठी ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिकही त्यांनी तितक्याच निष्ठेने चालवले. मूल स्वतंत्र विचाराचे व्हावे अशी अपेक्षा असेल, तर शिक्षिकेलाही विचार करण्याची, तो मांडण्याची आणि दुरुस्त करण्याची जागा मिळाली पाहिजे, हे त्यांनी संस्थेच्या रचनेतच गृहीत धरले होते.

पुढे ताराबाई मुंबईत आल्या, दादरच्या शिशुविहारात त्यांनी काम केले आणि १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. शहरातल्या मध्यमवर्गीय मुलांसाठी रुळलेली पद्धत खेड्यातल्या आणि आदिवासी पाड्यांवरच्या मुलांपर्यंत न्यायची, तर महागडे मॉन्टेसरी साहित्य परवडणारे नव्हते आणि पाड्यावरची मुले बालवाडीच्या इमारतीपर्यंत आपणहून येत नव्हती. त्यावर शोधलेला उपाय आज सर्वपरिचित आहे: शिंपले, बिया, पाने, काड्या आणि माती यांपासून शैक्षणिक साधने तयार झाली, आणि मुले बालवाडीकडे येत नसतील तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी जन्माला आली. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, तीही याच विचारसरणीतून. ही सारी रचना प्रत्यक्ष मुलांबरोबर काम करणाऱ्या स्त्रियांनी, समोर आलेल्या अडचणी पाहून उभी केली. वरून आलेल्या आदेशाची ती अंमलबजावणी नव्हती.

अनुताई वाघ यांचे जीवन या दृष्टीने अधिक बोलके आहे. १९१० मध्ये जन्मलेल्या आणि बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई पुण्यातील शिक्षिकेची नोकरी सोडून १९४५ मध्ये ताराबाईंच्या सोबतीला बोर्डीस आल्या, १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हलल्यावरही तेथेच राहिल्या, आणि १९७३ मध्ये ताराबाईंचे निधन झाल्यानंतर त्या कामाची धुरा त्यांनी सांभाळली. त्या दोघींमधले नाते केवळ गुरुशिष्येचे राहिले नाही, कारण अनुताईंना कामाचे स्वतंत्र भाग सोपवले गेले, पाड्यांवर जाऊन पद्धती पडताळून पाहण्याची मोकळीक मिळाली आणि निष्कर्ष लिहून काढण्याची शिस्त लागली. १९८२ मध्ये त्यांनी रमेश पानसे यांच्यासह ग्राममंगल ही संस्था उभी केली, म्हणजे स्वतः घडत असतानाच पुढची पिढी घडवण्याची व्यवस्थाही केली. नेतृत्वाचा विकास कसा होतो, याचे उत्तर या अठ्ठावीस वर्षांच्या सहवासात आहे: अनुभवी व्यक्तीची सोबत, खऱ्या जबाबदारीचे काम, निरीक्षणाची आणि लेखनाची सवय, आणि चुकले तर सुधारता येईल एवढा विश्वास.

योजनेचा विस्तार आणि सेविकेचा संकोच

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द भारतभर पोचला. पूरक पोषण आहार, अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण, पोषण व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा, म्हणजे गरजू मुलाला किंवा मातेला पुढच्या रुग्णालयाकडे पाठवणे, अशा सहा सेवा तिच्यातून देण्याचे ठरले. कल्पना व्यापक आणि योग्य होती, कारण उपाशी किंवा आजारी मूल शिकू शकत नाही; परंतु सहापैकी पाच सेवांचे मोजमाप किलो, लशी आणि लाभार्थी यांच्या आकड्यांत होत असल्यामुळे, ज्या सेवेचे फळ असे सहज मोजता येत नाही ते पूर्वशालेय शिक्षण हळूहळू मागे पडले. सेविकेचा दिवस वजने घेणे, दंडघेर मोजणे, घरी नेण्याचा आहार वाटणे, गृहभेटी, नोंदवह्या, मोबाइलवरची माहिती आणि अधूनमधून येणारी सर्वेक्षणे यांत विभागला गेला, आणि ज्या स्त्रीने मुलांच्या शिक्षणाचे निर्णय घ्यायचे तिची ओळख अहवाल पाठवणारी शेवटची कडी अशी होऊन बसली.

या स्थितीत नेतृत्वाचा विचार करताना वेळेचा प्रश्न प्रथम येतो. तामिळनाडूतील ३२० अंगणवाड्यांत अलेहान्द्रो गानिमियन, कार्तिक मुरलीधरन आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स या संशोधकांनी केलेल्या प्रयोगात निम्म्या केंद्रांना केवळ पूर्वशालेय शिक्षणासाठी एक अर्धवेळ कार्यकर्ती जादा देण्यात आली. प्रत्यक्ष शिकवण्याचा वेळ त्यामुळे दुप्पट झाला, दीड वर्षानंतर त्या मुलांची गणित आणि भाषेतील प्रगती इतर केंद्रांतील मुलांपेक्षा लक्षणीय दिसली, आणि मूळ सेविकेला आरोग्य व पोषणाच्या कामासाठी अधिक वेळ मिळाल्याने तीव्र कुपोषणही घटले. शिक्षिकेचे कौशल्य तेच असताना केवळ मनुष्यबळ वाढवल्याने इतका फरक पडत असेल, तर पुढाकाराच्या अभावाचा दोष सेविकेच्या स्वभावावर टाकण्यापूर्वी तिच्या दिवसाचा हिशेब तपासणे न्यायाचे ठरते.

वेळेच्या पाठोपाठ गुणवत्तेचा प्रश्न येतो. इंग्लंडमध्ये १९९७ पासून सुमारे ३००० मुलांचा माग घेत झालेल्या एका दीर्घ अभ्यासात, ज्याला तेथे ‘एप्पे’ या आद्याक्षरी नावाने ओळखतात, असे आढळले की ज्या पूर्वप्राथमिक केंद्रांची प्रमुख स्वतः शिक्षणशास्त्रात चांगली प्रशिक्षित होती, तेथे शिक्षणाचा दर्जा आणि मुलांची प्रगती अधिक चांगली होती. उत्तम केंद्रांत मूल आणि शिक्षिका एखादा प्रश्न मिळून सोडवताना, एखाद्या कल्पनेचा अर्थ लावताना किंवा गोष्ट पुढे नेताना दोघांचाही विचार त्यात गुंतलेला असे, आणि संशोधकांनी या प्रकारच्या संवादाला सातत्यपूर्ण सामायिक विचार असे नाव दिले. हा संवाद छापील सूचनापत्रिकेतून येऊ शकत नाही. मुलाच्या अनपेक्षित प्रश्नामागे जाण्यासाठी आखलेला उपक्रम मध्येच सोडण्याचे धैर्य शिक्षिकेत हवे, आणि तसे केल्याबद्दल तिला कोणी जाब विचारणार नाही याची खात्रीही हवी.

नेतृत्व कशातून वाढते

धोरणाच्या पातळीवर या दिशेने काही पावले पडली आहेत. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील सर्व मुलांचे संगोपन व शिक्षण यांसाठी राज्याने प्रयत्नशील राहावे, असे मार्गदर्शक तत्त्व अनुच्छेद ४५ मध्ये घातले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा सलग पायाभूत टप्पा मानला. बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुचवला. २०२२ च्या पायाभूत टप्प्याच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने खेळ हे शिक्षणाचे मुख्य माध्यम आणि निरीक्षण हे मूल्यमापनाचे मुख्य साधन ठरवले, तर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘पोषण भी पढाई भी’ हा उपक्रम सुरू करून सेविकांच्या प्रशिक्षणात शिक्षणाला पुन्हा स्थान दिले. तथापि इतक्या मोठ्या संख्येचे प्रशिक्षण टप्प्याटप्प्याने खाली उतरते, म्हणजे राज्य पातळीवर तयार झालेले प्रशिक्षक खालच्या पातळीवर शिकवतात आणि शेवटी काही दिवसांत ते सेविकेपर्यंत पोचते; या प्रवासात कृतींची यादी टिकते, पण त्यांमागचा विचार विरत जातो. म्हणून प्रशिक्षणाच्या दिवसांपेक्षा त्यांच्या मधल्या महिन्यांत काय घडते, याला अधिक महत्त्व आहे.

त्या मधल्या काळात प्रथम रुजवावी लागते ती निरीक्षणाची सवय. सेविकेकडे नोंदवह्यांची वाण नाही, परंतु त्यांतील बहुतेक नोंदी वरिष्ठ कार्यालयासाठी असतात, तर आठवड्यातून दोन-तीन मुलांविषयी लिहिलेल्या चार ओळी तिच्या स्वतःच्या उपयोगाच्या असतात. एखादी मुलगी गटात बोलत नाही पण बाहुलीशी सलग बोलते, एखादा मुलगा दहापर्यंत अंक म्हणतो पण चार वाट्या मोजून आणताना गोंधळतो, अशा नोंदींतूनच उद्याची कृती ठरते. आणि आपण का व कशावरून ठरवले हे जिला सांगता येते, तिच्या शब्दाला पालकांत आणि अधिकाऱ्यांतही वजन येते.

दुसरी गरज समव्यावसायिकांच्या सोबतीची आहे. साधारणपणे वीस ते पंचवीस अंगणवाड्या मिळून एका पर्यवेक्षिकेचे कार्यक्षेत्र होते, त्याला बोलीभाषेत बीट म्हणतात, आणि बीटच्या मासिक बैठकीत परिसरातल्या सर्व सेविका एकत्र येतात. बालशिक्षिकांच्या एकत्र शिकण्यासाठी इतकी नियमित आणि सर्वदूर पसरलेली व्यवस्था महाराष्ट्रात आधीच तयार आहे, परंतु बैठकीचा बराचसा वेळ अहवाल गोळा करण्यात आणि नव्या सूचना ऐकण्यात जातो. त्यातला एक तास राखून ठेवून दर महिन्याला एका सेविकेने आपल्या केंद्रातील एखादा पेच मांडावा, इतरांनी प्रश्न विचारावेत, ठरलेला उपाय महिनाभर करून पाहावा आणि पुढच्या बैठकीत त्याचे काय झाले ते सांगावे, अशी साधी पद्धत रुळली, तर अभ्यासक ज्याला व्यावसायिक अध्ययन गट म्हणतात तो वेगळ्या खर्चाविना उभा राहू शकतो. मांडणी करणारी सेविका दर वेळी बदलल्याने बोलण्याची, ऐकण्याची आणि मतभेद सांभाळण्याची क्षमता अनेकींत वाढते.

तिसरी गरज पर्यवेक्षणाचे स्वरूप बदलण्याची आहे. पर्यवेक्षिकेची भेट रजिस्टर तपासण्यापुरती राहिली, तर सेविका केंद्र दाखवण्यासाठी सजवते आणि अडचणी लपवते. तीच पर्यवेक्षिका तासभर मुलांत बसून, नंतर सेविकेशी पाहिलेल्या गोष्टींवर बोलली, तर तीच भेट मार्गदर्शनाची होते. केंद्र सरकारच्या ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पर्यवेक्षिकांची निम्मी पदे किमान पाच वर्षे काम केलेल्या पात्र सेविकांतून, आणि सेविकांची निम्मी पदे तितकाच अनुभव असलेल्या मदतनिसांतून पदोन्नतीने भरायची आहेत. ही तरतूद काटेकोरपणे पाळली गेली, तर मदतनिसापासून पर्यवेक्षिकेपर्यंतची वाट मोकळी होते, आणि मार्गदर्शन करणारी व्यक्ती स्वतः मुलांत वावरलेली असल्यामुळे तिच्या सल्ल्याला अनुभवाचा आधार राहतो.

पालकांपुढे आणि व्यवस्थेपुढे उभे राहणे

बालशिक्षिकेच्या नेतृत्वाची कसोटी अनेकदा अंगणवाडीच्या उंबऱ्याबाहेर लागते. गावात किंवा वस्तीत इंग्रजी माध्यमाची खाजगी बालवाडी निघते, तेथील चार वर्षांचे मूल पाटीवर एबीसीडी लिहिते, गृहपाठ आणते, आणि अंगणवाडीत मुले नुसती खेळतात, अशी तक्रार पालक करू लागतात. या पालकांची इच्छा खोटी नसते. आपल्या मुलाने मागे राहू नये एवढेच त्यांना हवे असते. बोटांचे स्नायू आणि हात-डोळ्यांचा मेळ तयार होण्यापूर्वी लेखनाची सक्ती केल्यास मुलाचे शिकण्यावरचे मनच उडू शकते, माती मळणे, मणी ओवणे, कागद फाडणे हीच लेखनाची तयारी असते, आणि गोष्ट ऐकून ती स्वतःच्या शब्दांत सांगणाऱ्या मुलाला पुढे वाचन सोपे जाते, हे सेविकेला पालकसभेत पटवून देता आले पाहिजे. शास्त्र तिच्या बाजूने आहे, परंतु ते बोलके करण्याचा आत्मविश्वास तिला मिळवून द्यावा लागतो, आणि पालकांना अंगणवाडीत बोलावून मुलांसोबत एखादा उपक्रम करायला लावणे हा त्यासाठीचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

भाषेच्या बाबतीतही असाच निर्णय घ्यावा लागतो. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी व माडिया, नंदुरबारमध्ये भिली आणि पालघरमध्ये वारली बोलणारी मुले अंगणवाडीत येतात तेव्हा प्रमाण मराठी त्यांना नवीन असते. घरच्या बोलीत गाणी आणि गोष्टी घेऊन मराठीकडे सावकाश जाण्याचा निर्णय, आणि त्यासाठी गावातल्या आजीला गोष्ट सांगायला बोलावण्याचा निर्णय, कोणत्याही कार्यालयातून दिला जाऊ शकत नाही. तो तेथल्या सेविकेनेच घ्यायचा असतो.

कधी हे नेतृत्व संघटित स्वरूपातही दिसते. २०२१ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी माहिती भरण्यासाठी दिलेले मोबाइल परत केले, तेव्हा त्यांच्या तक्रारी उपकरणांच्या दर्जाबद्दल आणि नोंदी इंग्रजीत भराव्या लागण्याबद्दल होत्या. मराठीत काम करणाऱ्या स्त्रीला तिच्या कामाची नोंद मराठीत करता यावी, ही मागणी व्यावसायिक विवेकाची होती. आपल्या कामाच्या साधनांविषयी मत असणे आणि ते एकत्रितपणे मांडणे हेही नेतृत्वच आहे, आणि अशा मताला अडथळा न मानता योजना सुधारण्याची सामग्री मानणे ही प्रशासनाची जबाबदारी आहे.

याच ठिकाणी दर्जा आणि मोबदल्याचा प्रश्न येतो. सेविका मानधनावर काम करणारी मानसेवी कार्यकर्ती मानली जाते. केंद्राच्या वाट्याचे तिचे मानधन २०१८ मध्ये दरमहा ३००० रुपयांवरून ४५०० रुपये झाले आणि राज्ये त्यात आपली भर घालतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या कायद्याखाली उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळण्याचा हक्क आहे असा निर्णय देताना त्यांच्या कामाचे व्यापक स्वरूप अधोरेखित केले. जिच्या कामाला समाज पूर्णवेळ व्यवसाय मानत नाही, तिच्याकडून व्यावसायिक नेतृत्वाची अपेक्षा करणे विसंगत आहे. सन्मान, मोबदला आणि निर्णयाधिकार या तीन गोष्टी एकमेकींपासून तोडता येत नाहीत.

शेवटी या प्रश्नाचा संबंध मुलांपाशीच जाऊन पोचतो. आजचा अभ्यासक्रम म्हणतो की मुलाने स्वतः निवड करावी, प्रश्न विचारावेत, करून पाहावे आणि चुकल्यास पुन्हा करावे. ज्या शिक्षिकेला स्वतःला निवडीची मुभा नाही, जिला प्रश्न विचारण्याची भीती वाटते आणि जिची चूक केवळ शेरा मिळण्याचे कारण ठरते, ती या सवयी मुलांत रुजवू शकणार नाही, कारण लहान मूल सांगितलेल्यापेक्षा पाहिलेले अधिक शिकते. म्हणून सेविकेचा निर्णयाधिकार वाढवणे, त्या निर्णयांना निरीक्षणाची आणि सहकाऱ्यांच्या चर्चेची शिस्त लावणे, आणि बालशिक्षणाविषयी धोरणे ठरतात त्या समित्यांत तिला सदस्य म्हणून बसवणे, ही पन्नास वर्षांची ही योजना खऱ्या अर्थाने शिक्षणाची योजना होण्यासाठीची अट आहे. आणि ती पूर्ण करण्यास लागणारी माणसे महाराष्ट्राच्या प्रत्येक गावात व वस्तीत आजच कामावर हजर आहेत.